बारा हजार, साडेचौदा हजार गॉस: चुंबकाची ताकद घरच्या घरी कशी तपासायची

पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका काउंटरवर मी निओडिमियमच्या चकत्या घेत होतो. २० मिलिमीटर व्यास, ५ मिलिमीटर जाडी. दुकानदाराने डबी पुढे सरकवली आणि म्हणाला, "एन-५२ आहे साहेब, साडेचौदा हजार गॉस. बोट सांभाळा." दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गॉसमीटर लावला, तर चकतीच्या मधोमध २६५० च्या आसपास आकडा आला.

कुठे साडेचौदा हजार आणि कुठे साडेसव्वीसशे! पहिल्यांदा हा प्रकार पाहणारा माणूस थेट दुकानात जाऊन भांडेल. माझं कामच आलेला माल तपासायचं आहे, त्यामुळे मी भांडलो नाही. पण फसलो होतो हे खरं. फक्त जिथे फसलो असं वरवर वाटतं, तिथे नव्हे.

आधी विचारा: कोणती ताकद?

"हे चुंबक किती स्ट्राँग आहे?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. बाजारात निदान चार वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट ताकद म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, चुंबकाच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र. गॉसमीटर दाखवतो ते हे. ते गॉसमध्ये किंवा टेस्लामध्ये सांगतात. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस.

दुसरी, चुंबक ज्या मालाचं बनलंय त्या मालाची चुंबकत्व धारण करण्याची क्षमता. हिला रेमनन्स म्हणतात, कारखान्यात नुसतं 'बीआर'. दुकानदार सांगत होता तो आकडा हा. एन-५२ या ग्रेडचा बीआर साधारण १.४३ ते १.४८ टेस्ला असतो, म्हणजे साडेचौदा हजार गॉस ही थाप नव्हती. पण हा मालाचा गुण आहे, तुमच्या हातातल्या चकतीच्या तोंडावर मिळणारं क्षेत्र नव्हे. दोन्ही टोकांना लोखंड जोडून, मध्ये कुठेही फट न ठेवता चुंबकाचा मार्ग बंद केला, तर आत तेवढं क्षेत्र असतं. उघड्या हवेत चुंबकाच्या क्षेत्राच्या रेषा पसरतात आणि चुंबक जितकं पातळ, तितकं ते स्वतःच्याच क्षेत्राच्या विरोधात जातं.

यातून एक पक्का नियम मिळतो. सुट्या गोल चुंबकाच्या सपाट तोंडाच्या मधोमध बीआरच्या निम्म्याहून जास्त क्षेत्र कधीच मिळत नाही, मग ते कितीही लांब असो. माझ्या मापाच्या चकतीला निम्म्याच्याही निम्मं मिळतं: बीआर गुणिले ०.२२. तोच व्यास ठेवून जाडी ५ ऐवजी २० मिलिमीटर केली की गुणक ०.४५ होतो. माल तोच, ग्रेड तीच, पण तोंडावरचा आकडा दुप्पट. म्हणून माप सांगितल्याशिवाय नुसता 'गॉस' सांगणं म्हणजे फ्लॅटचा एरिया न सांगता भाव सांगण्यासारखं आहे.

तिसरी, ओढ. लोखंडाला चिकटल्यावर सोडवायला किती किलो जोर लागतो ते.

चौथी मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे अख्ख्या चुंबकाची मिळून ताकद. हिचं नाव दुकानात कोणी काढत नाही. मला विचाराल तर घरी मोजायला हीच सगळ्यात भरवशाची, आणि लागतं काय, तर एक होकायंत्र आणि एक पट्टी. तिच्याकडे येतोच.

एन-३५, एन-४२, एन-५२ मधला आकडा यांपैकी कोणताच नाही. तो मालात साठू शकणाऱ्या ऊर्जेचा, मेगागॉस-अर्स्टेडमधला. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे ३५ वरून ५२ म्हणजे दीडपट वाटलं तरी क्षेत्र जेमतेम २० टक्क्यांनी वाढतं. आकड्यामागे एम, एच, एसएच अशी अक्षरं असतील तर ती उष्णता सोसण्याची: काहीच नसेल तर ८० अंश सेल्सिअसपर्यंत, एम १००, एच १२०, एसएच १५०. मोटरमध्ये बसवणार असाल तर त्या अक्षराला आकड्याहून जास्त किंमत आहे.

अंदाजासाठी डोक्यात ठेवायचे आकडे: आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ०.४३ गॉसच्या आसपास, फ्रिजवर लावायच्या लवचीक जाहिरात-पट्टीचं पन्नासेक गॉस, आणि इस्पितळातल्या एमआरआयचं १५,००० किंवा ३०,००० गॉस.

हात घालण्यापूर्वी

दोन मोठी निओडिमियम चुंबकं मोकळी सोडून एकमेकांजवळ आणू नका. ती एकमेकांवर आदळतात, मधली कातडी चिमटते, आणि माल काचेसारखा ठिसूळ असल्याने कपच्या उडतात. माझ्या अंगठ्याचं नख एकदा महिनाभर काळं होतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे प्रयोग त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत. आणि लहान मुलांच्या हाती बारीक चुंबकं लागता कामा नयेत: दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांना आरपार धरून बसतात. त्यावर घरगुती उपाय नसतो, सरळ इस्पितळ गाठावं लागतं.

लगेज काट्याने ओढ मोजणं

सगळ्यांना आधी हेच सुचतं, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा चालेल. चुंबक मात्र स्टीलच्या कपाटावर किंवा फ्रिजवर लावू नका. तो पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो; चुंबकाच्या सगळ्या रेषा त्यात मावतच नाहीत, आणि तुम्ही चुंबकाऐवजी पत्र्याची ताकद मोजून बसता. फॅब्रिकेशनच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचा तुकडा आणा. पॉलिश पेपरने गंज घासून काढा. चुंबक प्लेटच्या मधोमध लावा आणि काटा प्लेटशी काटकोनात, हळूहळू ओढा. झटका दिला तर आकडा खोटा येतो. पाच वेळा ओढून मधला आकडा घ्या.

माझ्या मापाच्या चांगल्या चकतीला सहा-सात किलो यायला हवेत. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून पुन्हा ओढा: एका मिलिमीटरच्या फटीत आकडा धाडकन उतरतो. रंग, गंज, धूळ या सगळ्या फटीच. आणि तेच चुंबक उभ्या पत्र्यावर लावून खाली ओढलं तर ते पाचव्या हिश्श्याच्या आसपासच घसरायला लागतं, कारण तिथे ओढ नव्हे, घर्षण मोजलं जातं. 'सहा किलोचा हुक' भिंतीवर किलोभराची पिशवीही धड का धरत नाही, याचं उत्तर हे.

शाळेत टाचण्या उचलून मोजायचो तो प्रकार मुलांना दाखवायला छान. मापन म्हणून सोडून द्या. एकदा उचललेली टाचणी स्वतःच चुंबक होऊन बसते.

फोनमधला होकायंत्र-सेन्सर

फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातलं फायफॉक्स हे फुकट ॲप घेतलं की आकडे थेट मायक्रोटेस्लात दिसतात. १०० मायक्रोटेस्ला म्हणजे १ गॉस. चुंबक नसताना महाराष्ट्रात ४० ते ४५ च्या घरात आकडा दिसला पाहिजे. ७० दिसत असेल तर जवळपास लोखंड आहे, जागा बदला. माझ्या मते फोनचा खरा उपयोग हाच: मोजायला साफ जागा शोधणं. तो सेन्सर पृथ्वीच्या क्षेत्रासाठी बनवलेला आहे, निओडिमियमसाठी नव्हे. चकती वीतभर अंतराच्या आत आणू नका. होकायंत्र भरकटलंच तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून ते परत जागेवर येतं.

हॉल सेन्सर आणि मल्टिमीटर

१८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून तो चुंबकाच्या क्षेत्रात धरला आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज मिळवला. महागडा गॉसमीटर आजही त्याच तत्त्वावर चालतो आणि स्वस्तातला तीन पायांचा सेन्सरही.

दुकानात '४९-ई' मागा. नुसतं "हॉल सेन्सर द्या" म्हणालात तर बहुतेक वेळा ३१४४ हातात ठेवतात. दिसायला सारखाच, पण तो स्विच आहे. चुंबक आहे की नाही एवढंच सांगतो. मी पहिल्यांदा तोच आणला आणि अख्खी संध्याकाळ आकडा का बदलत नाही म्हणून तारा उलटसुलट करत बसलो.

४९-ई ची छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावा पाय ५ व्होल्ट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. ५ व्होल्टसाठी पॉवर बँक चालते. उलटं जोडलंत तर सेन्सर चटका बसेल इतका तापतो आणि मग तो कामाचा राहत नाही. मल्टिमीटर आउटपुट आणि ग्राउंडला लावा, डीसी व्होल्टवर. चुंबक दूर असताना २.५ व्होल्टच्या आसपास दिसेल. तो आकडा लिहून ठेवा, तेच तुमचं शून्य. चुंबकाची एक बाजू आणली की आकडा चढतो, दुसरी आणली की उतरतो. फरक किती व्होल्टचा ते पाहा: दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.२८ व्होल्टचा फरक म्हणजे २०० गॉस.

आता मेख. हा सेन्सर हजारेक गॉसला थकतो. चकती थेट टेकवलीत तर आकडा चारेक व्होल्टवर जाऊन बसतो आणि एन-३५ असो की एन-५२, तेवढाच दाखवतो. म्हणून मध्ये २० मिलिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवा. माझ्या मापाच्या एन-५२ चकतीचं तिथे २४७ गॉस क्षेत्र यायला हवं, म्हणजे फरक ०.३५ व्होल्ट. एन-३५ असेल तर २०७ च्या आसपास, म्हणजे ०.२९. अंतराबाबत काटेकोर राहा: २० चे ४० मिलिमीटर केलेत तर क्षेत्र निम्मं होत नाही, साडेपाच पटींहून जास्त घसरतं, आणि आणखी लांब गेलात तर दर दुप्पट अंतराला आठ पटींनी. ठोकळा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी उत्तर बदलतं.

शिवाय 'दर गॉसला १.४' हा सरासरी आकडा. एकेका नगात बराच फरक पडतो. त्यामुळे ४९-ई वर खरे गॉस सांगू नका. एकच सेन्सर, एकच ठोकळा घेऊन दोन चुंबकांची तुलना करा. त्यात तो चोख आहे.

होकायंत्र आणि पट्टी: माझी आवडती रीत

कार्ल फ्रीडरिश गाउस, ज्याच्या नावावरून गॉस हे एकक आलं, त्याने १८३२ मध्ये ग्योटिंगेनमध्ये पृथ्वीच्या क्षेत्राचं मोजमाप केलं ते एका चुंबकाच्या मदतीने. सुईला चुंबक एका बाजूला ओढतं, पृथ्वी दुसऱ्या बाजूला. सुई कुठे थांबते त्यावरून दोघांची तुलना होते. गाउसला दोन्ही आकडे शोधायचे होते, म्हणून त्याला चुंबक दोऱ्याला टांगून त्याचे झोकेही मोजावे लागले. आपल्याला अर्धंच काम आहे, कारण पृथ्वीचा आकडा आपल्यासाठी दुसऱ्यांनी मोजून ठेवलाय.

हे दुसरे आपल्या ओळखीचेच. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं आणि तिथल्या सुया बिघडणार हे स्पष्ट झालं. मग वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली: पोरबंदरचा दगड, तांब्या-पितळेचे खिळे-बिजागऱ्या, लोखंड वर्ज्य. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता येतील. सुईचं काम लोखंडापासून लांब करावं लागतं, हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार! त्या नोंदी आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ठेवते.

अलिबागला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग (जमिनीला समांतर, होकायंत्राची सुई फिरवतो तो) ३८ मायक्रोटेस्लाच्या जरा वर आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात ३८ ते ४० धरा.

लाकडी टेबल घ्या. खाली लोखंडी पाय नकोत, शेजारी कपाट, सिलिंडर, स्पीकर नको. स्लॅबमधल्या सळ्याही त्रास देतात, तेव्हा टेबलाच्या दोन-तीन जागी फोनचा आकडा पाहून सगळ्यात शांत जागा निवडा. मग फोन खोलीबाहेर ठेवा. होकायंत्र ठेवून सुई थांबू द्या. सुईशी बरोबर काटकोनात, म्हणजे पूर्व-पश्चिम, लाकडी पट्टी ठेवा, अशी की तिची रेष सुईच्या खिळीवरून जाईल. चकती उभी करून, तिचं सपाट तोंड होकायंत्राकडे करून, पट्टीवरून हळूहळू पुढे सरकवा. चकतीचा मध्य सुईच्याच उंचीला हवा; मी होकायंत्राखाली पुठ्ठे घालतो. चकती उभी राहावी म्हणून खोडरबरला खाच पाडून त्यात बसवतो.

सुई ४५ अंश वळली की थांबा. त्या ठिकाणी चुंबकाचं आणि पृथ्वीचं क्षेत्र बरोबरीत आहे. चकतीच्या मध्यापासून सुईच्या खिळीपर्यंतचं अंतर लिहा. चकती फिरवून दुसरं तोंड पुढे करा, पुन्हा मोजा. मग पश्चिमेकडून तसंच दोनदा. चारही अंतरांची सरासरी. ही चार वाचनं टाळू नका. सुईची खिळी मधोमध नसणं, पट्टी किंचित तिरकी असणं, सगळे दोष त्यात एकमेकांना खाऊन टाकतात.

आता गणित. अंतर मीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा, १९० ने गुणा. आली मॅग्नेटिक मोमेंट, अँपिअर-चौरस मीटरमध्ये. तिला १२५७ ने गुणून चुंबकाच्या घन मिलिमीटरमधल्या आकारमानाने भागा. आला बीआर, टेस्लामध्ये.

माझ्या तपकीर गल्लीच्या चकतीची सरासरी २०.० सेंटिमीटर आली. ०.२ चा घन ०.००८, गुणिले १९०, म्हणजे १.५२. चकतीचं आकारमान १५७१ घन मिलिमीटर. १.५२ गुणिले १२५७ भागिले १५७१ म्हणजे १.२२ टेस्ला. एन-३५ चा बीआर १.१७ ते १.२२ असतो. खरी एन-५२ असती तर सुई २१.२ सेंटिमीटरवरच ४५ अंश वळली असती. पट्टीवर तब्बल १२ मिलिमीटरचा फरक. त्यासाठी भिंगही लागत नाही. त्याच मापाचं काळं फेराइट चुंबक असतं तर १३-१४ सेंटिमीटरपर्यंत आणावं लागलं असतं.

अंतराचा घन होतो, म्हणून अंतरात एक टक्का चूक म्हणजे उत्तरात तीन टक्के. एन-४८ आणि एन-५० वेगळे करायचा हट्ट धरू नका. आणि हे लंडनमध्ये बसून करत असाल तर तिथे आडवा भाग जेमतेम २० मायक्रोटेस्ला आहे. १९० च्या जागी १०० घ्या, सुई बरीच लांबूनच वळेल.

गॉसमीटरचा २६५० हा आकडाही इथे जुळतो. १.२२ गुणिले ०.२२ म्हणजे २७०० च्या आसपास, आणि प्रोबच्या, म्हणजे गॉसमीटरच्या मोजणाऱ्या टोकाच्या आतला सेन्सर पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर आत असतो, तेवढी घट. दुकानदाराच्या साडेचौदा हजारात लबाडी नव्हती. लबाडी 'एन-५२' मध्ये होती. ती त्याची की त्याला माल देणाऱ्याची, देव जाणे.

गॉसमीटर हाती आलाच तर

कॉलेजात किंवा ओळखीच्या कारखान्यात मिळाला तर आधी चुंबक लांब ठेवून शून्य करा. चपट्या प्रोबची सपाट बाजू चुंबकाच्या तोंडावर पूर्ण टेकली पाहिजे, तिरकी झाली की आकडा उतरतो. मधोमध मोजा आणि 'मधोमध' असं लिहूनही ठेवा. पातळ चकतीच्या कडेला क्षेत्र मध्यापेक्षा जास्त असतं. दोन जणांचे आकडे जुळेनात तेव्हा मी आधी हेच विचारतो की प्रोब कुठे ठेवला होता. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मोजताय की एसीत, तेही लिहा: निओडिमियम दर अंशाला ०.११ टक्के उतरतं, फेराइट ०.२ टक्के. २५ अंशांच्या फरकाला फेराइटमध्ये पाच टक्के जातात.

पुढच्या खेपेला मी तपकीर गल्लीत होकायंत्र घेऊन गेलो. लोखंडी काउंटर, वर लोखंडी शटर, दारात दुचाक्यांची रांग. सुईला उत्तर कुठे आहे तेच कळेना. मग खिशातून पॉवर बँक, मल्टिमीटर आणि ४९-ई चिकटवलेला २० मिलिमीटरचा ठोकळा काढला. त्या एकाच ठोकळ्याला दोन वेगवेगळ्या ग्रेड लिहिलेल्या डब्यांतल्या चकत्या लावून पाहिल्या. एन-३५ लिहिलेल्या डबीतल्या चकतीला फरक ०.२९ व्होल्ट, एन-५२ लिहिलेल्या डबीतल्या चकतीलाही ०.२९. दुकानदाराने मल्टिमीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही डब्या एन-३५ च्या भावाने दिल्या.